कर्जतनंतर झोपी गेलेल्या प्रवाशांसाठी

प्रति,
माननीय महाव्यवस्थापक,
मध्य रेल्वे,
छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई.



डेक्कन क्वीनवर मराठीत भरभरून लिहिले गेले आहे. १ जून १९३० रोजी ती सुरू झाली. तिचा दरवर्षीचा वाढदिवस, तिची डायनिंग कार, पासधारकांनी तिच्यावर केलेले प्रेम, हे सगळे लोकांना ठाऊक आहे. त्याच मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटातून रोज रात्री कोल्हापूरला जाणाऱ्या महालक्ष्मी एक्सप्रेसच्या वाट्याला मात्र असे कौतुक फारसे आले नाही. त्याचे कारण साधे आहे. डेक्कन क्वीन सकाळी घाटात शिरते तेव्हा उजेड असतो. महालक्ष्मी मुंबईहून रात्री साडेआठच्या सुमारास सुटते आणि कर्जतला पोचेपर्यंत दहा वाजत आलेले असतात. जेवणाचे डबे सोडून झालेले असतात, मधला बर्थ वर लागलेला असतो, कोणीतरी दिवा घालवायला सांगत असते. भारतीय रेल्वेतल्या अवघड चढांपैकी एक त्यानंतर सुरू होतो आणि लोणावळा येईपर्यंत गाडीतली बहुतेक माणसे झोपलेली असतात. हे पत्र त्या झोपलेल्या माणसांच्या वतीने आहे. त्यांना आपल्या गाडीची आणि तिच्या वाटेची ओळख करून द्यावी, एवढीच विनंती त्यात आहे.

कर्जत ते लोणावळा हे अंतर जेमतेम २८ किलोमीटर. तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठते. तीव्र चढ १:३७ चा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी एक मीटर वर चढलेली असते. पायी चालणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पोलादी रुळावर पोलादी चाक चालवणाऱ्याला तो तसा वाटत नाही. समजा, गाडीचे वजन ९०० टन आहे. या चढावर ती उभी राहिली, तरी सुमारे २४ टनांचा जोर तिला सतत मागे खेचत असतो. तो पेलून ती पुढे न्यायची, तीही वळणांवरून, बोगद्यांतून, पावसाळ्यात ओल्या रुळांवरून.

म्हणून कर्जतला गाडी थांबते आणि मागे बँकर लागतात. बँकर म्हणजे मागून रेटा देणारी जादा इंजिने. घाटात साधारणपणे दोन किंवा तीन. अशा वेळी फलाटावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: एवढी ताकद हवी असेल तर सगळी इंजिने पुढेच का लावत नाहीत? याचे उत्तर डब्यांच्या जोडणीत आहे. पुढून ओढायचे तर साऱ्या गाडीचा भार पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येतो आणि त्या कपलिंगच्या ताकदीला मर्यादा असते. मागून रेटले की भार वाटला जातो. शिवाय मधले एखादे कपलिंग तुटलेच, तर सुटलेले डबे उतारावरून मागे धावत सुटत नाहीत. त्यांच्या पाठीशी इंजिने उभी असतात. आज हे काम मुख्यतः डब्ल्यूएजी-७ जातीची, मुळात मालगाड्यांसाठी बनवलेली, ५,००० अश्वशक्तीची इंजिने करतात. पुढचा लोको पायलट आणि मागचे बँकरवाले यांच्यात शेकडो मीटरचे अंतर असते आणि वळणावळणाच्या बोगद्यात ते एकमेकांना दिसतही नाहीत. तरीही जोर एका लयीत लागावा लागतो. मागच्याने जास्त रेटले तर मधले डबे दाबले जातात, कमी रेटले तर ताण पुढच्या कपलिंगवर जातो. हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, आणि एसी टू-टायरमध्ये पांघरूण ओढून झोपलेल्या माणसाला ज्या रात्री काहीच जाणवत नाही, त्या रात्री ते पूर्णपणे साधलेले असते.

उतरतानाची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. कोल्हापूरहून निघालेली महालक्ष्मी पहाटे खंडाळ्याकडून खाली येते तेव्हा ताकदीपेक्षा ब्रेकला महत्त्व असते. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जामब्रुंग ही नावे वेळापत्रकात सहसा दिसत नाहीत, पण लोको पायलटच्या डोक्यात ती पक्की असतात. उतारावर ठिकठिकाणी कॅच सायडिंग आहेत. मुख्य मार्गापासून फुटून उलट चढावर जाणारा आणि तिथेच संपणारा हा रूळ असतो. सांधा नेहमी त्या सायडिंगकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी ताब्यात येऊन थांबली, तरच सांधा फिरतो आणि पुढचा रस्ता मोकळा होतो. ब्रेक निकामी होऊन गाडी बेफाम निघाली, तर ती आपोआप त्या चढावर जाऊन अडकते. प्रवासी मात्र पहाटे खिडकीतून अंधारात डोकावतो आणि "मध्येच कुठे थांबवली गाडी" म्हणून वैतागतो. गाडी आपल्या जिवासाठी थांबली आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ही व्यवस्था अपघातांतून शिकत शिकत उभी राहिली. १८६९च्या जानेवारीत घाट उतरणारी एक मेलगाडी ताब्यात राहिली नाही आणि रिव्हर्सिंग स्टेशनचा शेवट ओलांडून गेली. खंडाळ्याजवळचे हे रिव्हर्सिंग स्टेशन मूळ घाटमार्गाचे वैशिष्ट्य होते. डोंगराचा कडा इतका उभा होता की सलग वळण घेऊन वर जाणे त्या काळच्या अभियंत्यांना जमण्यासारखे नव्हते. मग गाडी एका टोकाला न्यायची, तिथे थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडायचे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा, असा मार्ग काढण्यात आला. सुमारे ६५ वर्षे पुण्याची प्रत्येक गाडी अशी दिशा बदलत वर गेली. १९२९ मध्ये नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला गेला आणि हे स्टेशन इतिहासजमा झाले.

घाटाचे काम १८५६च्या जानेवारीत सुरू झाले आणि मे १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरच्या त्या मार्गात १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि दऱ्यांवरचे मोठे दगडी पूल होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कले यांनी त्याची आखणी केली, पण मार्ग पुरा झालेला पाहायला ते उरले नाहीत. १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले. पहिला कंत्राटदार विल्यम फेव्हिएल याच्या काळात मजुरीच्या थकबाकीवरून १८५९ मध्ये दंगल झाली आणि त्याने काम सोडले. त्यानंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच आजाराने मरण पावला. मग हे कंत्राट त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने पुढे चालवले आणि जाणकार अभियंत्यांना हाताशी धरून पूर्णत्वाला नेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, परक्या देशात, नवरा गेल्यावर एका बाईने सह्याद्री फोडण्याची जबाबदारी अंगावर घेतली. महोदय, या बाईचे नाव घाटातल्या एकाही स्टेशनवर प्रवाशाच्या नजरेला पडेल असे लागलेले नाही.

आणि ती एकटी नव्हती. १८६१च्या सुरुवातीला या घाटावर एका वेळी ४२,००० माणसे राबत होती. वडार होते, देशावरचे आणि कोकणातले शेतमजूर होते, कड्यावरून दोरांनी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणारे होते, मुलाबाळांसह डोंगरात पाले टाकून राहिलेल्या बायका होत्या. पटकीच्या साथींनी तळच्या तळ ओस पडले. किती माणसे दगावली याच्या आकड्यांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ती हजारांत होती याबद्दल नाहीत. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. लोकस्मृतीने मात्र आपल्या परीने एक नाव जपले आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा आणि त्याच्याच गोळीला बळी पडलेला धनगर, अशी त्याची आख्यायिका आहे. ट्रकवाले आजही तिथे नाणे टाकून पुढे जातात. लोकांना वाटाड्याचे ऋण फेडावेसे वाटते, याला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

आता इंजिनांकडे यायला हवे, कारण या घाटाने इंजिनांचे घराणेच घडवले. सुरुवातीच्या वाफेच्या दिवसांत घाटासाठी खास वजनदार टाकी-इंजिने मागवली होती. त्यांना चाकांच्या ब्रेकखेरीज थेट रुळावर दाबला जाणारा आणखी एक ब्रेक होता. उताराची धास्ती किती होती ते यावरून कळते. वाफेच्या इंजिनांचा लांब बोगद्यांत धूर कोंडायचा, इंजिनवरच्या माणसांचा श्वास गुदमरायचा. विजेचा प्रश्न इथे लवकर ऐरणीवर आला त्यामागे हेही एक कारण होते. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली आणि १९२९-३०च्या सुमारास १,५०० व्होल्ट डीसीच्या तारा घाट ओलांडून पुण्यापर्यंत पोचल्या.

त्या तारांखाली घाटात उतरले ते 'खेकडे'. अधिकृत नाव ईएफ/१, पुढे डब्ल्यूसीजी-१. एकूण ४१ इंजिने. काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झालेली. आल्प्समधल्या गोटहार्ड मार्गावरची प्रसिद्ध 'क्रोकोडाइल' इंजिने याच विंटरथूरच्या घराण्यातली. सांगाडा जोडांनी विभागलेला, त्यामुळे घाटातल्या वळणावर इंजिन अंग मुडपून जाई. बाजूच्या दांड्या चालू लागल्या की त्या चालण्यावरूनच आपल्या रेल्वेवाल्यांनी त्याचे बारसे केले. २,६०० अश्वशक्तीचे हे यंत्र वेगाला बेताचे, पण चढाला खंबीर. कित्येक दशके त्यांनी घाटात गाड्या ओढल्या आणि रेटल्या. त्यांच्या जागी पुढे १९७०च्या दशकात चित्तरंजनमध्ये बनलेली डब्ल्यूसीजी-२ इंजिने आली. एक खेकडा आज वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात आहे, म्हणजे समुद्रसपाटीला. ज्या घाटासाठी तो जन्मला त्या घाटाच्या पायथ्याशी त्याच्या जातीचे काहीच नाही.

डीसीचे पर्वही आता संपले आहे. २५,००० व्होल्ट एसीकडे जाण्याचे काम टप्प्याटप्प्याने होत २०१६ मध्ये मुंबईत पूर्ण झाले. मधल्या वर्षांत डब्ल्यूसीएएम-३ सारख्या, दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या इंजिनांनी मध्य रेल्वेचा संसार सांभाळला. ज्या तंत्रज्ञांनी चालत्या रेल्वेत, एकही दिवस सेवा पूर्ण बंद न ठेवता, हा बदल घडवला त्यांच्यातले बरेच जण आता निवृत्त होत आहेत. त्यांच्याकडून ऐकून घ्यायचे ते आताच.

महालक्ष्मीचा डोंगर लोणावळ्याला संपत नाही, हेही मुंबईकराला सांगायला हवे. पुणे सोडल्यावर मध्यरात्रीनंतर ती शिंदवणेचा घाट चढते, जेजुरी-नीरा करत पुढे आदर्कीचा घाट गाठते आणि वाठारवरून साताऱ्याकडे वळते. एका रात्रीत तीन घाट. हा पुणे-मिरज मार्ग मुळात मीटरगेजचा. सदर्न मराठा रेल्वेने तो १८९०च्या सुमारास पुरा केला. मिरज ते कोल्हापूर हा तुकडा कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधून घेतला आणि १८९१ मध्ये तो सुरू झाला. कोल्हापूरच्या स्टेशनाला छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे नाव आहे ते या दृष्टीनेही योग्यच आहे. पुढे ऐंशी वर्षे मुंबईहून कोल्हापूरला जाणाऱ्याला पुण्याला उतरून, ट्रंका-वळकट्या उचलून, रुंद रुळावरून अरुंद रुळावरच्या गाडीत जावे लागे. १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाले आणि संध्याकाळचे कामकाज आटोपून गाडीत बसायचे, सकाळी अंबाबाईच्या गावात उतरायचे, ही सोय पश्चिम महाराष्ट्राला मिळाली. गिरणगावातल्या कोल्हापूर-सांगली-सातारच्या कामगारांना, मंत्रालयात कागद घेऊन येणाऱ्या सरपंचांना, टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या करणाऱ्या घरांना या रात्रीच्या गाडीचे मोल विचारावे.

डब्यांची कथाही तितकीच सांगण्यासारखी. रात्रीचा प्रवास म्हणजे लाकडी बाक आणि उशाला गाठोडे, अशी सामान्य माणसाची स्थिती फार उशिरापर्यंत होती. दुसऱ्या वर्गाच्या शयनयान डब्यातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमची गादी आली ती १९७७ ते १९७९ या काळात, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना. राजापूरच्या या खासदाराने कोकण रेल्वेचा ध्यास घेतला हे सगळ्यांना आठवते. पण देशातल्या कोट्यवधी पाठींना त्यांनी दिलेला हा दिलासा कोकण रेल्वेइतकाच मोठा आहे. रात्रभर तीन घाटांत हेलकावणाऱ्या गाडीत फळीवर झोपणे आणि गादीवर झोपणे यातला फरक ज्याने दोन्ही अनुभवले त्यालाच कळतो.

जुने निळे डबे चेन्नईच्या पेरांबूरमधल्या आयसीएफ कारखान्याचे. १९५५ मध्ये स्विस आराखड्यावर सुरू झालेली ही निर्मिती २०१८च्या जानेवारीत थांबली. या डब्यांची वीज त्यांच्या आसावरून, पट्ट्याने फिरणाऱ्या जनित्रातून यायची. गाडी पळत असेल तर वीज तयार व्हायची, घाटात सावकाश चढताना सारा भार बॅटऱ्यांवर पडायचा. बॅटऱ्या म्हाताऱ्या असल्या की दिवे मंद व्हायचे. घाट लागला हे त्या काळी झोप न लागलेल्याला दिव्यावरून समजे. आता येणारे एलएचबी डबे जर्मन आराखड्याचे. ते लांब आहेत, त्यांत शयनयानाला ७२च्या जागी ८० बर्थ बसतात, ब्रेक डिस्कचे आहेत आणि कपलिंग असे की टक्कर झाली तरी एक डबा दुसऱ्यावर चढू नये. दिव्यांना आणि एसीला लागणारी वीज थेट डोक्यावरच्या तारेतून, इंजिनामार्फत येते. बायोटॉयलेटमुळे रुळावर घाण पडणेही थांबले. घाटात रात्री टॉर्च घेऊन पायी गस्त घालणाऱ्या ट्रॅकमनच्या दृष्टीने हा बदल एसीपेक्षा मोठा आहे.

या ट्रॅकमनचा आणि हिल गँगचा उल्लेख राहून चालणार नाही. पावसाळ्यापूर्वी कड्यांवर चढून सैल झालेले धोंडे पहारीने खाली पाडणारी, पावसात रात्रभर दरडीकडे लक्ष ठेवणारी ही माणसे. २०१९च्या पावसाळ्यात मंकी हिल ते नागनाथ भागात मार्गाची अशी हानी झाली की दुरुस्तीसाठी कित्येक आठवडे गाड्यांचे वेळापत्रक कोलमडलेले राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये महालक्ष्मीवर घाटाआधीच प्रसंग ओढवला. बदलापूर ते वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुराने तिला वेढले. एक हजाराहून अधिक प्रवासी अंधारात पाण्याच्या मधोमध अडकले, आणि दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. त्या दिवशी महालक्ष्मीचे नाव देशभर झाले. एखाद्या गाडीची ओळख फक्त तिच्या संकटामुळे व्हावी, हे बरे नाही.

हे सगळे आताच का सांगायचे? कारण घाटाचे तंत्र बदलते आहे. २०१९ पासून काही गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिन लावून बँकर टाळण्याचे प्रयोग झाले. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. सौम्य चढाच्या नव्या मार्गाची चर्चाही होत असते. हे बदल हवेतच. प्रवाशांचा वेळ वाचेल, इंजिने मोकळी होतील. पण त्याबरोबर दीडशे वर्षे या घाटाला ओळख देणारे एक काम हळूहळू संपेल, आणि ते कोणी नीट टिपून ठेवलेले नसेल. बोरघाटातला अमृतांजन पूल वाहतुकीची अडचण म्हणून २०२० मध्ये पाडावा लागला. त्याची निकड मान्य केली तरी पाडण्याआधी त्याचा इतिहास आम जनतेसमोर कितीसा आला होता? तसे बँकरच्या बाबतीत होऊ नये.

म्हणून महोदय, आपल्याकडे मागणे आहे ते कर्जत स्टेशनचे. घाट चढणारी जवळपास प्रत्येक गाडी तिथे बँकरसाठी थांबते. त्या काही मिनिटांत प्रवासी फलाटावर उतरतो, वडा-पाव घेतो आणि मागे काय चालले आहे ते न कळताच परत चढतो. त्याच फलाटावर घाटाचे एक कायमचे दालन उभारावे. मोठी इमारत नको. चालू कॅच सायडिंगचे एक मॉडेल, रिव्हर्सिंग स्टेशनचा नकाशा, बँकर जोडताना काय घडते याची चित्रे, ॲलिस ट्रेडवेल आणि ४२,००० मजुरांची नोंद, आणि शक्य झाल्यास यार्डाच्या कडेला एक जुने घाट इंजिन. मजकूर मराठीत असावा आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावा. कर्जत, लोणावळा आणि कल्याण शेडमधले जुने बँकर-चालक, हिल गँगचे मुकादम आणि केबिनमन यांचे अनुभव मध्य रेल्वेने त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करावेत. ही माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत, तेव्हा हे काम दालनाआधी सुरू व्हावे.

आणि एक गोष्ट तर पुढच्या महिन्यातही करता येईल. कर्जतच्या उद्घोषणेत, "गाडी क्रमांक अमुक" नंतर एवढेच एक वाक्य घालावे: घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडली जात आहेत. महालक्ष्मीच्या वेळेला झोपलेल्यांना त्रास नको असेल तर ते तिच्या डब्यांत दाराजवळ लिहून लावावे, पुण्यानंतरच्या दोन घाटांसह.

कळावे.